दहा टक्क्यांत जे येत नाही

अमेरिकेत टीव्हीच्या बातम्यांत शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना एक सल्ला सगळीकडून मिळतो: आधी एखादा चांगला एजंट, म्हणजे कमिशन घेऊन नोकरी आणि करार जमवून देणारा माणूस गाठा, मग बाकीचं बघू. शिकवणारे सांगतात, चार वर्षं आधी लागलेले सांगतात, आणि एजंट तर सांगतातच. या सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. पण तो चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी दिला जातो, असं माझं मत आहे. ज्याच्यापाशी घासाघीस करायची ताकद आधीच आहे, त्याला एजंट सोन्याचे दिवस दाखवू शकतो. ज्याच्यापाशी ती नाही, त्या नवख्याच्या पदरात आजवर जे काही संरक्षण पडलंय ते बहुतांशी कायद्याने आणि कामगार संघटनांनी मिळवून दिलंय. एजंट वाईट असतात म्हणून असं झालेलं नाही. त्यांच्या मोबदल्याचा हिशेबच तसा आहे.

आधी बाजार समजून घेऊ. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने अमेरिकेचे २१० टीव्ही मार्केट, म्हणजे एकेका शहराभोवतीचे प्रेक्षक-विभाग, पाडलेत. पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क, तळाला मोंटाना राज्यातलं ग्लेंडाइव्ह. नवा रिपोर्टर सहसा या यादीच्या खालच्या निम्म्यातल्या कुठल्यातरी स्थानिक स्टेशनवर लागतो. कॅमेरा आणि ट्रायपॉड स्वतःच वाहायचा, फोकस लावून धावत फ्रेममध्ये जाऊन उभं राहायचं, मुलाखत घेतानाच आवाज नीट येतोय का बघायचं, मग गाडीत लॅपटॉप उघडून एडिट करायचं आणि संध्याकाळच्या बातमीपत्राआधी स्टोरी पाठवायची. दोन-तीन वर्षं हे केलं, रील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांची चित्रफीत, बऱ्यापैकी झाली, की वरच्या मार्केटमध्ये उडी. बहुतेकांचं करिअर अशा उड्यांवर उभं राहतं. त्यामुळे पगार किती, यापेक्षा उडी कधी मारता येईल हा प्रश्न मोठा असतो आणि त्याचं उत्तर करारात लिहिलेलं असतं.

हा करार एकदा सावकाश वाचण्यासारखा आहे. मुदत दोन किंवा तीन वर्षं. पण ती दोन्ही बाजूंना सारखी बांधत नाही. अनेक करारांत ठरावीक टप्प्यांवर, म्हणजे समजा दर २६ आठवड्यांनी किंवा वर्ष संपताना, करार मोडण्याची मुभा स्टेशनला असते, रिपोर्टरला नसते. पगार देऊ, पण पडद्यावर दाखवूच असं बंधन आमच्यावर नाही, असंही एक कलम असतं. मुदत संपत आली की काही आठवडे फक्त याच स्टेशनशी बोलायचं. बाहेरून ऑफर आली तर तेवढेच पैसे देऊन तुम्हाला ठेवून घ्यायचा पहिला हक्क स्टेशनचा. नोकरी सुटल्यावर सहा महिने किंवा वर्षभर त्याच मार्केटमधल्या दुसऱ्या स्टेशनवर दिसायचं नाही, हे नॉन-कम्पीट. आणि मुदतीआधी निघून गेलात तर स्टेशनला भरपाई द्यायची. ही सगळी कलमं प्रत्येक करारात असतातच असं नाही, पण यातली दोन-तीन एकत्र आली तरी बाहेर पडायचं दार बंद व्हायला पुरेशी आहेत.

आता एजंटचा हिशेब. बातम्यांच्या क्षेत्रात कमिशन साधारणपणे पगाराच्या दहा टक्क्यांच्या आत असतं. समजा पहिल्या नोकरीचा पगार ४०,००० डॉलर आहे आणि कमिशन पूर्ण दहा टक्के. एजंटला वर्षाला ४,००० मिळाले. त्याने आठवडाभर फोनाफोनी करून पगार ३,००० ने वाढवून आणला, तर त्याच्या वाट्याला आले ३०० डॉलर. आणि नॉन-कम्पीटचं कलम काढून टाकायला भांडला, तर? शून्य. भरपाईची रक्कम निम्म्यावर आणली, तर? शून्य. मुलाच्या दृष्टीने जी कलमं सगळ्यात महागात पडणारी, त्यांना एजंटच्या वहीत रकानाच नाही.

यावर एजंट मंडळींचं एक उत्तर असतं आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, आमचा माणूस वर गेला तरच आमचं कमिशन वाढणार, मग आम्ही दार उघडं ठेवणार नाही का? ठेवतात. पहिल्या २५ मार्केटमधून किंवा एखाद्या नेटवर्ककडून, म्हणजे एनबीसी-सीबीएससारख्या देशभर दिसणाऱ्या वाहिनीकडून, बोलावणं आलं तर मुदतीआधी जाता येईल, अशी पळवाट चांगला एजंट करारात घालून घेतो, आणि नवख्याला ती एकट्याने मागायचं सुचणारही नाही. पण ही पळवाट कुठल्या दिशेची आहे बघा. ती फक्त वर जाणाऱ्यासाठी आहे. ज्याला आईच्या आजारपणामुळे गावी परतायचंय, ज्याचं न्यूज डायरेक्टरशी, म्हणजे स्टेशनच्या बातमी विभागाच्या प्रमुखाशी, पटत नाही, ज्याला कळून चुकलंय की हे काम आपलं नाही, त्याच्यासाठी कलम नाही. कारण त्या रस्त्यावर कमिशनही नाही. आणि तळाच्या मार्केटमध्ये लागलेल्यांपैकी किती जण वर जातात नि किती जण हे क्षेत्रच सोडतात, हे त्या न्यूजरूममध्ये दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारावं.

२०१८ च्या वसंतात हे सगळं चव्हाट्यावर आलं. सिंक्लेअर या स्टेशनसमूहाच्या देशभरच्या डझनावारी अँकरनी खोट्या बातम्यांपासून सावध करणारं एकच निवेदन शब्दशः वाचलं, आणि कुणीतरी ते सगळे तुकडे एकापुढे एक जोडून दाखवले. लोक चिडले. यांना स्वाभिमान आहे की नाही, राजीनामा का देत नाहीत, असा सवाल सुरू झाला. मग करार बाहेर आले. मुदतीआधी नोकरी सोडली तर वार्षिक पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीला द्यावी लागेल, अशी कलमं काहींच्या करारांत होती. यातल्या काही जणांना एजंट असणारच, नामांकित स्टेशनांवरच्या अँकरना सहसा असतात. तरी ते कलम तिथे होतं. मला इथे अँकरांचा बचाव करायचा नाही. ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं. पण बातमी देणाऱ्याला 'नाही' म्हणायची किंमत पगाराच्या ४० टक्के असेल, तर हा एका नोकरदाराचा खाजगी प्रश्न उरत नाही. समोर बसून बातम्या बघणाऱ्याचाही तो प्रश्न होतो.

आता याच्या शेजारी कायद्याने काय केलं ते ठेवा. प्रसारण क्षेत्रातल्या नोकरदारांवर नॉन-कम्पीट लादता येणार नाही, असा कायदा मॅसॅच्युसेट्सने १९९८ मध्ये केला. मग मेन, इलिनॉय, ॲरिझोना अशी राज्यं आली. न्यूयॉर्कचा कायदा २००८ चा. कॅलिफोर्नियात तर नॉन-कम्पीट एकोणिसाव्या शतकापासूनच अवैध आहे. या कायद्यांसाठी राज्याराज्यांत पाठपुरावा केला तो आफ्ट्रा या प्रसारण कलावंतांच्या संघटनेने, जी २०१२ मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या पडद्यावरच्या कलाकारांच्या संघटनेत विलीन होऊन सॅग-आफ्ट्रा झाली. मुदतीआधी सोडल्याबद्दल नोकरदाराकडून पैसे उकळण्याच्या कलमांना चाप लावणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये केला. देशपातळीवर मात्र गाडी अडली. एप्रिल २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने जवळपास सगळ्या नोकऱ्यांमधलं नॉन-कम्पीट बंद करणारा नियम मंजूर केला, ऑगस्टमध्ये टेक्ससमधल्या न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने अपील सोडून दिलं. म्हणजे आजही बोस्टनच्या रिपोर्टरला जे बंधन नाही, ते दुसऱ्या एखाद्या राज्यातल्या, तितक्याच पगाराच्या आणि तितक्याच गुणाच्या रिपोर्टरला असू शकतं. एजंट दोघांचाही एकच असला तरी.

मग एजंटची कीर्ती आली कुठून? ती आली वरच्या मजल्यावरून. १९७६ मध्ये प्रसिद्ध टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स एनबीसी सोडून एबीसीकडे गेल्या, वर्षाला दहा लाख डॉलर आणि पाच वर्षांचा करार घेऊन. विल्यम मॉरिस एजन्सीने जमवलेल्या त्या सौद्यात निम्मे पैसे बातम्यांच्या खात्यातून आणि निम्मे करमणूक विभागाकडून, त्यांच्या मुलाखतींच्या खास कार्यक्रमांसाठी येणार होते. गाजावाजा दहा लाखांचाच झाला, पण एजंटची खरी करामत त्या वाटणीत होती. १९८० मध्ये तर संध्याकाळच्या बातम्यांचे अँकर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या जागी कोण, हा प्रश्न सीबीएसपुढे असताना तिथलेच बातमीदार डॅन रादर यांचे एजंट रिचर्ड लाइबनर यांनी एबीसीची ऑफर टेबलावर ठेवली. सीबीएसने खुर्ची रादर यांना दिली, आणि दहा वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर असा आकडा तेव्हा छापून आला. ज्यांचं नाव आधी घेतलं जात होतं ते रॉजर मड नाराज होऊन एनबीसीत गेले.

या दोन्ही गोष्टी एजंटांच्या कर्तबगारीच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि कर्तबगारी होतीच. पण दोन्हीकडे एक समान गोष्ट आहे: त्या माणसासाठी दुसरं नेटवर्क दाराशी उभं होतं. एजंट ताकद निर्माण करत नाही, असलेल्या ताकदीचे पैसे करून देतो. एकाच जागेसाठी ढीगभर रील येऊन पडलेल्या स्टेशनपुढे नवख्याचा एजंट फोन करून काय सांगणार? 'दुसरीकडेही विचारणा आहे' असं तो सांगेल. न्यूज डायरेक्टरला पुढच्या रीलवर क्लिक करायला सेकंद लागतो.

आणि तो फोन कोण कोणाला करतोय, हाही मुद्दा आहे. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट. अँकर, रिपोर्टर, हवामान सांगणारे यांच्याबरोबरच न्यूज डायरेक्टर आणि प्रोड्यूसर यांचंही काम बघणारे एजंट आहेत. म्हणजे नोकरी मागणारा आणि नोकरी देणारा एकाच वहीत. दोन डगरींवर हात ठेवून दोघांचंही भलं करता येतं, असा एजंटचा दावा असतो. ओळख असते म्हणूनच तुझी रील उघडून पाहिली जाते, असं तो मुलाला सांगतो. खरंही असेल. पण जो न्यूज डायरेक्टर पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात जाऊन आणखी पाच माणसं घेणार आहे, त्याच्याशी एका पोराच्या भरपाईच्या कलमावरून वाकडं घ्यायला कुठला शहाणा एजंट तयार होईल? शिवाय एका जागेसाठी त्याच एजंटची तीन माणसं रांगेत असली, तर तो कुणाचं नाव पुढे करतो हे तिघांपैकी एकालाही कळत नाही.

हितसंबंधांचा हा गुंता जुना आहे. एमसीए ही एकेकाळची सर्वांत बलाढ्य टॅलेंट एजन्सी. १९५२ मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने तिला एजन्सी चालवता चालवता टीव्ही कार्यक्रमांची निर्मितीही करायची खास सवलत दिली. तेव्हा गिल्डचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. झालं असं की कलाकाराचा पगार वाढवून मागणारा आणि तो पगार देणारा एकच. अखेर १९६२ मध्ये न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली हात घातला आणि एमसीएला एजन्सीचा धंदा सोडावा लागला. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी तीच कथा वेगळ्या वेषात आली. एजन्सी आपल्या लेखक-कलाकारांची मोट बांधून मालिका स्टुडिओला विकत आणि कमिशनऐवजी स्टुडिओकडूनच 'पॅकेजिंग'चे पैसे घेत. एप्रिल २०१९ मध्ये रायटर्स गिल्ड या पटकथालेखकांच्या संघटनेने सभासदांना एजंट सोडायला सांगितलं. सात हजारांवर लेखकांनी सोडले. शेवटची मोठी एजन्सी फेब्रुवारी २०२१ मध्ये नमली. पॅकेजिंगचे पैसे बंद करायचे आणि निर्मिती कंपन्यांतली मालकी वीस टक्क्यांच्या आत ठेवायची, असं ठरलं. दोन्ही वेळा उपाय बाहेरून झाला, एकदा सरकारने आणि एकदा संघटनेने. एजन्सींनी आपणहून काही सोडल्याचं उदाहरण मला तरी आठवत नाही.

बातम्यांचं जग या वादापासून दूर राहिलंय, असंही समजू नये. लाइबनर यांची एन. एस. बीनस्टॉक ही प्रामुख्याने टीव्ही पत्रकारांचं काम बघणारी नावाजलेली संस्था २०१४ मध्ये युनायटेड टॅलेंट एजन्सीने घेतली. सिनेमा, मालिका, खेळ आणि बातम्या आता एकाच छपराखाली आहेत. ज्या प्रसारण समूहाला आज कार्यक्रम विकायचा, त्याच समूहाशी उद्या एखाद्या सकाळच्या अँकरच्या पगारावरून भांडायचं, असे प्रसंग येणारच.

तरीही एजंटचे दोन उपयोग मी मनापासून मान्य करतो. एक म्हणजे माहिती. कुठल्या स्टेशनवर त्याच जागेला मागच्या माणसाला किती मिळत होते, हे स्टेशनला ठाऊक असतं आणि उमेदवाराला नसतं. एजंट ही दरी बुजवतो. संकोचापोटी कमी मागणाऱ्यांना, आणि यात बायका नि परक्या आडनावांची माणसं अधिक, याचा मोठा आधार होतो. दुसरं, भांडायचं काम दुसऱ्यावर सोपवता येतं. ज्याच्या हाताखाली रोज काम करायचं, त्याच्याशी पैशांवरून वाकडं यायचं टळतं.

आणखी एक, जे कुणीही शहाणा वाचक करून देऊ शकेल: तोंडी आश्वासनं कागदावर आणणं. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या केएमबीसी स्टेशनने क्रिस्टीन क्राफ्ट यांना अँकरच्या जागेवरून काढून रिपोर्टर केलं. प्रेक्षकांच्या पाहणीत त्यांचं दिसणं-वागणं पसंत पडलं नव्हतं. क्राफ्ट यांचं म्हणणं होतं, की मला कुणी नटवून-सजवून बदलायचं नाही हे मी नोकरी घेतानाच सांगितलं होतं आणि स्टेशनने ते मान्य केलं होतं. १९८३ मध्ये ज्युरीने त्यांना पाच लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला सारला. दुसऱ्या खटल्यातल्या ज्युरीनेही फसवणूक झाल्याचं मानलं, पण १९८५ मध्ये अपिलात तेही गेलं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दोन-दोन ज्युरींना पटलेली गोष्ट वरच्या कोर्टात टिकली नाही. तीच गोष्ट करारात एका ओळीत असती, तर निदान भांडण त्या ओळीच्या अर्थाचं झालं असतं, कोण काय बोललं याचं नव्हे.

म्हणून पहिल्या नोकरीसाठी माझं सांगणं उलट आहे. एजंट शोधण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा नोकरी स्वतः शोधावी. तळाच्या मार्केटमधले न्यूज डायरेक्टर थेट आलेल्या रील बघतात. आणि करार हातात आला की नोकरीचे करार वाचणाऱ्या वकिलाला तासाचे पैसे देऊन तो दाखवावा. वकिलाचे पैसे पगाराला बांधलेले नसतात, त्यामुळे त्याला नॉन-कम्पीटचं कलमही दिसतं. एजंट घ्यायचाच झाला तर त्याचा स्वतःचा करारही त्याच वकिलाला दाखवावा. कारण तिथेही गमती असतात: आपण स्वतः शोधलेल्या नोकरीवरही कमिशन, एजंट बदलला तरी जुन्याने ठरवलेल्या कराराचं कमिशन चालूच, आणि काही ठिकाणी त्या कराराच्या नूतनीकरणावरही.

पण हा सगळा भार बावीस वर्षांच्या मुलावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. कॅलिफोर्नियात टॅलेंट एजन्सीला परवाना लागतो, ५०,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, ठेवावा लागतो, नावनोंदणीचे पैसे घेता येत नाहीत आणि कराराचा नमुना लेबर कमिशनरकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हा कायदा करमणुकीतले कलावंत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. बातमीदारांसाठी त्यात भर हवी ती एका कागदाची. सही करण्यापूर्वी एजंटने लिहून द्यावं: या स्टेशनवर माझी आणखी कोण माणसं आहेत, याच जागेसाठी मी आणखी कुणाचं नाव पाठवलंय का, न्यूज डायरेक्टर माझा अशील आहे का, आणि माझी कंपनी या स्टेशनच्या मालकाला दुसरं काही विकते का. अशिलांची गोपनीयता सांभाळावी लागते, म्हणून हे शक्य नाही, असं एजन्सी म्हणतील. ज्या एजन्सींच्या वेबसाइटवर अशिलांचे फोटो, नावं, शहर आणि स्टेशनसकट जाहिरातीसारखे लावलेले असतात, त्यांनी हे कारण पुढे करू नये.